खाली दूध नासतंय, वर मात्र बर्फ जमतोय. फ्रीजचा गॅस खरंच संपलाय का?

सुदामानगरची_काकू
रविवार, सकाळी ९.४०

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचा फ्रीज डबल डोअरचा, २६० लिटरचा, २०१४च्या दिवाळीत घेतलेला. इतक्या वर्षांत एक पैसा खर्च नाही त्याच्यावर. गेल्या सोमवारी सकाळी चहाला दूध टाकलं आणि फाटलं. म्हटलं पिशवीच शिळी आली असेल, दूधवाल्याला दोन शब्द सुनावले. मंगळवारी परत तेच. मग मात्र मी सायीचं भांडं काढलं. आठ दिवसांची साय साठवून मी रविवारी घुसळते, आजवर कधी बिघडली नाही. झाकण काढलं तर नाकाला झोंबणारा आंबूस वास. कोथिंबीर कपड्यात गुंडाळून ठेवलेली, तीही लिबलिबीत. बिचाऱ्या दूधवाल्याची उगीच खरडपट्टी काढली.

गंमत अशी की वरच्या कप्प्यात बर्फ जमतोय. नातवाच्या पेप्सीकोल्याच्या कांड्या दगडासारख्या आहेत.

बुधवारी एक सर्व्हिसवाला आला. खालचं दार उघडलं, आत हात घातला, मागे जाऊन कान लावला आणि दोन मिनिटांत निकाल: "आंटी, गैस खत्म हो गई." खर्च चार हजार दोनशे, फ्रीज तीन दिवस दुकानात, आणि नुसतं बघायला आल्याचे तीनशे वेगळे. तीनशे दिले आणि विचार करून सांगते म्हटलं. आमचे हे म्हणतात भरून टाक एकदाचा, मे महिना आहे, आमरसाचे दिवस आहेत. पण मला एक कळत नाही. गॅस संपला तर वरचा बर्फ कशाने जमतोय?

अजून एक. फरशी पुसताना ओल्या हाताने फ्रीजच्या कडेला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात. हे बरेच महिने आहे. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?

---

छप्पनचा_पोरगा
रविवार, सकाळी १०.१५

काकू, दहा वर्षं वसूल झाले न! आता जाऊ द्या त्याला. एक्सचेंजमध्ये देऊन टाका, नवीन फाइव्ह स्टार घ्या, बिलपण कमी येईल. चार हजार जुन्यात घालणं म्हणजे पाण्यात.

---

जुना_मिस्त्री
रविवार, दुपारी १२.०५

ताई, सर्व्हिसवाल्याला अजून हो म्हणू नका. तुम्ही शेवटी जो प्रश्न विचारलात ना, वरचा बर्फ कशाने जमतोय, तो त्या माणसाने स्वतःला विचारायला हवा होता.

मी आयटीआय करून चाळीस वर्षं हेच काम केलं, इंदूरमध्येच. आता हात थरथरतात म्हणून दुकान बंद. तोंड चालू आहे. आधी चार गोष्टी बघून सांगा.

फ्रीजरमध्ये, म्हणजे वरच्या कप्प्यात, आतून वारा येतो का? दार उघडलं की पंखा थांबतो, म्हणून दाराच्या चौकटीत एक छोटं बटण असेल ते बोटाने दाबून धरा आणि मागच्या जाळीपाशी तळहात न्या.

गेल्या महिनाभरात काही वेगळा आवाज आला होता का?

फ्रीजच्या मागे खाली जो काळा गोळा असतो, कंप्रेसर, तो मधेमधे थांबतो की चालूच असतो?

आणि फ्रीजची पिन कुठे लावली आहे? भिंतीतल्या तीन भोकांच्या सॉकेटमध्ये की एक्स्टेंशनवर? हे सगळ्यात आधी बघा. झिणझिण्यांचं मला दुधापेक्षा जास्त वाटतंय. तोवर फ्रीजला हात लावताना पायात कोरडी चप्पल, आणि त्याच्या आजूबाजूला फरशी पुसायची तर पिन काढून.

---

सुदामानगरची_काकू
रविवार, दुपारी ३.३०

दादा, लगेच उत्तर दिलंत, फार बरं वाटलं. सगळं बघितलं.

वारा अजिबात नाही. बटण दाबून मोजून दोन मिनिटं हात धरला. गार वाटतं, पण वारा नाही.

आवाजाचं म्हणाल तर हो! तीन आठवड्यांपूर्वी रात्री खरखर, खरखर सुरू झाली होती. पंख्याच्या पात्याला पोरं कागद लावतात ना, अगदी तशी. दोन-चार दिवस चालली आणि आपोआप थांबली. आम्ही म्हटलं बरं झालं, आपल्याआपण दुरुस्त झाला.

कंप्रेसर थांबत नाही. मी पुस्तक घेऊन एक तास जवळ बसले, एकदाही थांबला नाही.

पिन एक्स्टेंशनवर आहे. दोन वर्षांपूर्वी ओट्याचं काम केलं तेव्हा फ्रीज कोपऱ्यात सरकवला आणि ह्यांनी जुन्या कूलरची वायर कापून बोर्ड बनवला. हे आत्ता मागे उभं राहून वाचताहेत आणि "त्यात काही प्रॉब्लेम नाही" असं लिहायला सांगताहेत. लिहिलं.

---

जुना_मिस्त्री
रविवार, संध्याकाळी ६.१०

साहेबांना नमस्कार सांगा. पण कूलरच्या त्या वायरीत आत तारा किती आहेत, दोन की तीन, एवढं त्यांनीच उघडून बघावं. दोन असतील तर फ्रीजचं अर्थिंग त्या बोर्डाशीच संपलं. तिसरी जाड पिन नुसती भोकात बसली आहे, पुढे कुठे जात नाही. वर्षानुवर्षांच्या ओलाव्याने विजेची थोडीफार गळती प्रत्येक फ्रीजला असते. ती अर्थिंगमधून जमिनीत जायला हवी, ती तुमच्या हातातून जातेय. हे आजच बदला.

आता फ्रीज. ती खरखर थांबली तेव्हा फ्रीज दुरुस्त झाला नाही, पंखा बंद पडला. नीट सांगतो.

तुमचा फ्रीज फ्रॉस्ट-फ्री आहे. यात जुन्या सिंगल डोअरसारखा बर्फाचा डबा नसतो. थंडावा तयार करणारी जाळी, आम्ही तिला कॉइल म्हणतो, ती फ्रीजरच्या मागच्या प्लास्टिक पाट्याच्या आत लपवलेली असते. पंखा तिच्यावरून वारा ओढतो, बराचसा फ्रीजरमध्ये सोडतो आणि थोडा एका बोळकांडीतून खाली पाठवतो. खालच्या कप्प्यात स्वतःचं थंड करणारं काहीच नसतं. तुमचं दूध, साय, कोथिंबीर सगळी त्या वरून येणाऱ्या वाऱ्याच्या उधारीवर.

आता दार उघडझाप झाली की बाहेरची दमट हवा आत येते आणि तिचं पाणी त्या कॉइलवर गोठतं. ते साचू नये म्हणून कॉइलखाली एक हीटर असतो. कंप्रेसर साधारण आठ ते बारा तास चालला की टायमर त्याला थांबवतो आणि हीटर लावतो. वीस-पंचवीस मिनिटांत बर्फ वितळतो, पाणी नळीतून मागे कंप्रेसरवरच्या ट्रेमध्ये पडतं आणि त्याच्याच उष्णतेने उडून जातं. कॉइल गरम झाली की तिला चिमटलेला बायमेटल, म्हणजे गरमीने आपोआप तुटणारा छोटा स्विच, हीटर बंद करतो. हे सगळं रोज होतं, तुम्हाला कळतही नाही, म्हणून तर "फ्रॉस्ट-फ्री".

या साखळीतली एक कडी तुटली, हीटर जळला, फ्यूज गेला, बायमेटल बिघडला किंवा टायमर अडकला, की बर्फ वितळायचं थांबतं. तो साचत साचत पंख्याच्या पात्याला टेकतो. ती तुमची खरखर. मग पातं बर्फात रुततं. ती तुमची शांतता. वारा बंद, म्हणून खालचा कप्पा गरम. वरचा कप्पा त्या बर्फाच्या भिंतीला पाठ लावून बसलेला, म्हणून तो अजून काही दिवस थंड. आणि खाली गारवा पोचत नाही म्हणून थर्मोस्टॅट कंप्रेसरला थांबू देत नाही.

आता गॅसचं. फ्रीजचा गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा "संपत" नाही. बंद नळीत तोच तो फिरत राहतो. कमी झाला तर याचा अर्थ कुठेतरी भोक आहे. आणि तो गळला की बहुतेक वेळा आधी फ्रीजरच ढेपाळतो: कॉइलचे सुरुवातीचे दोन-तीन वेढेच पांढरे होतात, बाकी कोरडे, आणि कांड्या मऊ पडतात. तुमच्या कांड्या दगडासारख्या आहेत. म्हणजे गॅस जागेवर आहे, असं मी इथे बसून नव्वद पैसे खात्रीने सांगतो. उरलेले दहा पैसे पाटा उघडल्यावर.

आणि पुढेही कधी कोणी गॅस भरायचा म्हणाला तर त्याला विचारा, लीक कुठे आहे ते दाखव. लीक न शोधता, फिल्टर न बदलता, व्हॅक्यूम न काढता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता हवा भरणं. सहा महिन्यांनी तोच माणूस परत दारात.

---

छप्पनचा_पोरगा
रविवार, संध्याकाळी ६.४०

भिया एक नंबर. नवीन घ्यायचा सल्ला मागे घेतो.

---

काळीमाती
रविवार, रात्री ९.२०

मी घरांच्या वायरिंगची कामं घेतो, म्हणून मध्ये बोलतो. मिस्त्री म्हणाले ते शंभर टक्के, पण तीन तारांची वायर टाकली म्हणजे काम झालं असं समजू नका. ती तार शेवटी अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात जाते. आणि आपल्या मालव्याची काळी माती उन्हाळ्यात काय करते हे शेतात चाललेल्या प्रत्येकाला माहीत आहे. भेगा पडतात, हात जाईल एवढ्या. खड्ड्यातली माती आकसून अर्थिंगच्या पाइपाला सोडून देते. पावसाळ्यात तेच अर्थिंग उत्तम असतं. "पग पग नीर" म्हणायचे मालव्याला, मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यात तरी ते आपणच ओतावं लागतं. खड्ड्यावरचं झाकण काढून आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला. रोपांना घालता तसं. कूलरचं काढून टाकायचं पाणी चालतं.

काकू, मीटरपाशी आरसीसीबी आहे का? टेस्टचं बटण असलेला रुंद स्विच. घरासाठी ३० मिलीअँपचा लावतात. तो असता तर झिणझिण्या वाढून नुकसान होण्याआधी त्याने लाइन तोडली असती. नसेल तर मिक्सर-गीझरसाठीही लावून घ्या. आणि अर्थिंगची तपासणी वायरमनकडून. काका लोकांनी बल्ब लावून घरी बघू नये.

---

सुदामानगरची_काकू
सोमवार, सकाळी ८.५०

कूलरच्या वायरीत दोनच तारा निघाल्या. ह्यांनी स्वतः उघडून बघितलं आणि काही न बोलता चहा मागितला. आज तीन तारांची जाड वायर येते आहे, वायरमनही संध्याकाळी येतो म्हणाला. मीटरपाशी टेस्टचं बटण कुठेच नाही.

दादा, तो पाटा मला उघडता येईल का? भाच्याला स्क्रूड्रायव्हरचं कळतं, तो राजेंद्र नगरला राहतो, संध्याकाळी येईल.

---

जुना_मिस्त्री
सोमवार, सकाळी ११.३०

येईल, पण आज नाही. आज पिन काढा, दोन्ही दारं उघडी टाका आणि फ्रीजला चोवीस तास झोपू द्या. बर्फ आपोआप वितळायला हवा. मागे ट्रेमध्ये पाणी भरून सांडेल, तेव्हा खाली जुने टॉवेल आणि दर दोन-तीन तासांनी एक फेरी. वरच्या कप्प्यात कोमट पाण्याचं पातेलं ठेवलंत तर घाई होईल. उकळतं नको, प्लास्टिक तडकतं. उद्या भाच्याने पाटा उघडावा.

आणि बर्फाला सुरी, उलथनं, स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही. काहीही झालं तरी नाही. हे मी शिकवत नाही, भोगलंय. शिकाऊ होतो तेव्हा, उस्तादांनी सिंगल डोअर फ्रीज दिला साफ करायला. दोन बोटं जाड बर्फ. मला दुपारी राजवाड्यावर जायचं होतं, घाई. स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकून एक खपली काढली, दुसरी काढली, तिसरीला "फुस्स" असा आवाज आला. इतका हलका, की कोणी दमून श्वास सोडावा. ॲल्युमिनियमचा पत्रा असतो तो, त्याच्या पोटात नळ्या. बोटाने भोक दाबून मी तसाच उभा, जणू बोट काढलं नाही तर उस्तादांना कळणार नाही. चार महिन्यांच्या पगारातून फ्रीजरचा डबा भरून दिला. त्यानंतर चाळीस वर्षांत मी बर्फाला लोखंड लावलेलं नाही.

---

सुदामानगरची_काकू
मंगळवार, रात्री ८.१५

फोटो टाकता येत नाही इथे, म्हणून लिहूनच सांगते.

सगळं सामान शेजारच्या सिंधी भाभींच्या फ्रीजमध्ये गेलं, साय सोडून. ती मी त्यांना दाखवलीसुद्धा नाही. काल सकाळपासून आज दुपारपर्यंत तीन टॉवेल, दोन चादरी आणि एक परात कामाला लागली. पाणी इतकं निघालं की तुळस, जास्वंद आणि दोन बादल्या अर्थिंगच्या खड्ड्याला मिळाल्या. (काळीमाती, तुमची आठवण काढली.)

तरी दुपारी भाच्याने पाटा काढला तेव्हा आत बर्फ होताच! चोवीस तासांनंतर! कॉइलच्या खालच्या अंगाला, तळाशी, शाडूचा गणपती वाळत ठेवावा तसा पांढरा घट्ट गोळा. आणि वर पंख्याच्या एका पात्याला बर्फाची पातळ टोपी, तिच्यात पात्याची कड घासून बारीक गोल रेघ पडलेली. तुम्ही म्हणालात ती खरखर. मी तिला हात लावून बघितला. इतके दिवस रात्री जे ऐकत होतो ते हे.

तळाशी पाणी जायचं एक भोक आहे, तेही बर्फाने बुजलेलं. भाच्याने नातवाच्या औषधाची सिरिंज घेऊन त्यात कोमट पाणी सोडलं. चार-पाच वेळा नुसतं परत वर आलं, मग गुळगुळ आवाज करून एकदम खाली गेलं. मागे ट्रेमध्ये पडल्याचं ऐकू आलं तेव्हा आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या.

पाटा लावला, फ्रीज भिंतीतल्या नव्या सॉकेटला लावला. वारा येतोय! झिणझिण्या गेल्या. दादा, झालं ना आता?

---

जुना_मिस्त्री
मंगळवार, रात्री ९.००

झालं असतं तर मला आनंदच होता. पण बर्फ काढला म्हणजे साचायचं कारण गेलं असं नाही. तुमचा फ्रीज आता आठ-दहा दिवस नव्यासारखा चालेल. पुढे नुसतं भोकच बुजलेलं होतं असं निघालं, तर प्रश्न मिटला. पण खरखर परत आली, तर साखळीतली कडी शोधावी लागेल. आज तारीख कॅलेंडरवर लिहा. दूध खाली मागच्या बाजूला ठेवा, दारात नको. दारात सगळ्यात गरम असतं.

आणि जाता जाता दाराच्या रबरची परीक्षा करा. दहाची नोट दारात अर्धी धरून दार लावा आणि ओढा. सहज आली तर तिथून दमट हवा आत जातेय. चारी बाजूंनी करून बघा. आधी साबणाच्या पाण्याने रबर पुसा, निम्म्या वेळा तेवढ्यानेच चिकटतं.

---

सुदामानगरची_काकू
पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, सकाळी ७.२०

खरखर आली. दहावा दिवस. कॅलेंडरवर लिहिलेलंच होतं.

नोट वरच्या उजव्या कोपऱ्यात सैल होती, रबर धुतल्यावर घट्ट झाली. तरी आली.

आता सांगा कडी कशी शोधायची. भाच्याकडे मल्टीमीटर आहे. आमचे हे म्हणतात, बोलाव परत त्या सर्व्हिसवाल्याला. मी म्हटलं, बोलावते, पण त्याला शिकवायला.

---

जुना_मिस्त्री
शुक्रवार, सकाळी १०.४५

भाच्यासाठी लिहितो. पिन काढूनच, आणि परत बर्फ वितळू द्यायचाच आहे. पाटा उघडला की दिसतील: कॉइलच्या खाली लांब नळीसारखा हीटर, आणि कॉइलच्या नळीला क्लिपने चिमटलेली बोराएवढी गोल वस्तू, तो बायमेटल. शेजारी फ्यूज असेल, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला.

हीटरची दोन टोकं सोडवून ओहम बघायचे. २३० व्होल्टचा दीडशे-दोनशे वॅटचा हीटर असेल तर अडीचशे ते साडेतीनशेच्या आसपास दाखवेल. काहीच दाखवलं नाही तर जळला. फ्यूजने शून्य दाखवायला हवं, कायम; शून्य म्हणजे आतली तार सलग आहे. तो गेलेला असेल तर नवीनच घालायचा, तार जोडून "डायरेक्ट" करायचा नाही. बायमेटल बिघडला आणि तो शेवटचा राखणदारही नसला तर हीटर आतलं प्लास्टिक वितळवतो.

बायमेटलची मजा वेगळी. तो गरमीत तुटलेला आणि थंडीत जोडलेला असतो. नेहमीच्या तापमानात मीटर काही दाखवणार नाही आणि पोरगा म्हणेल "मामी, हा गेला." तसं समजू नका. आइस्क्रीमचा पॉट फिरवलाय ना लहानपणी? बर्फ आणि मूठभर जाडं मीठ. तसं वाटीत करा, बायमेटल पातळ पिशवीत घालून त्यात दहा मिनिटं पुरा, तारा बाहेर. मग मीटर लावा. शून्य आलं तर तो ठीक. तेव्हाही काहीच दाखवलं नाही, तर चोर सापडला.

तिन्ही ठीक निघाले तर सगळं परत जोडून, पाटा लावून फ्रीज चालू करा आणि टायमर बघा. त्याच्यावर स्क्रूड्रायव्हरने फिरवायची खाच असते. हळूहळू उजवीकडे फिरवली की "टक" होऊन कंप्रेसर थांबतो आणि हीटर लागतो. स्वतःहून तिथे पोचत नसेल तर टायमर बदला.

---

छप्पनचा_पोरगा
शुक्रवार, दुपारी १.००

काका, ही मीठवाली ट्रिक आमच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांना पण माहीत नसेल.

---

जुना_मिस्त्री
शुक्रवार, दुपारी १.२०

माहीत असते. पण मीठ-बर्फ करायला दहा मिनिटं लागतात आणि "गैस खत्म" म्हणायला दोन.

---

सुदामानगरची_काकू
रविवार, संध्याकाळी ७.३०

हीटर २७८. फ्यूज शून्य. बायमेटल मीठ-बर्फात दहाऐवजी वीस मिनिटं ठेवला, भाच्याचा विश्वास बसेना म्हणून. मीटर ढिम्म. पिशवीवर पांढरं दव आलं, वाटीला हात लावला तर चटका बसावा इतकं गार, आणि मीटर ढिम्म.

काल महाराणी रोडला, इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात गेलो. जुना पीस हातात घेऊनच, नाहीतर दुकानदार विचारतो "कौन सी कंपनी, कितना डिग्री" आणि आपण एकमेकांची तोंडं बघतो. चौथ्या दुकानात तसाच मिळाला, दोनशे दहा रुपये. आधी त्यालाच मीठ-बर्फात पुरला, लावायच्या आधी. शून्य! भाच्याने वायर जोडून वर नळी चढवली, पाटा लावला. जुना आज कचरा गाडीच्या ई-वेस्टच्या डब्यात गेला. गाडीवाल्याने विचारलं "ये क्या है अम्मा?" म्हटलं, चार हजार दोनशेची वस्तू.

आरसीसीबी पण लागला. काळीमाती, तुमचा वायरमन असता तर बरं झालं असतं, आमच्याने दोन दिवस लावले. लागल्या लागल्या दोनदा उडाला, तर बाथरूमचा गीझर निघाला खराब. त्याचं वेगळं लिहीन.

आज दहीही खालच्या कप्प्यात नीट टिकलं. नवीन साय साठवायला घेतली आहे. आमचे हे म्हणाले, तो मिस्त्री इंदूरमध्ये कुठे असतो विचार, आमरस पोचवू.

एकच शंका. सगळं लावून झाल्यावर दोन स्क्रू उरलेत. फ्रीज व्यवस्थित चालतोय. ते कुठले असतील?

---

जुना_मिस्त्री
रविवार, रात्री ८.०५

आमरसाला नाही म्हणत नाही, पण साखर आहे मला. वाटीभरच.

स्क्रू लांब आहेत की आखूड? लांब असतील तर पंख्याच्या बैठकीचे, परत उघडावं लागेल, नाहीतर पंखा थरथरत राहील.

---

सुदामानगरची_काकू
रविवार, रात्री ८.१०

दोन्ही आखूड. काळे. नखाएवढे.

---

जुना_मिस्त्री
रविवार, रात्री ८.१२

मग पाट्याचे. बाकीचे सहा घट्ट असतील तर सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवून द्या. माझ्याकडे असे दोन किलो आहेत.